टेकाळे सरांचा जबडा

टेकाळे सरांना झोपेतून उठवायचा एकच खात्रीचा उपाय होता. त्यांचं चुकलं असं म्हणायचं. हाका मारून, खांदा हलवून काही उपयोग नसायचा. शाळेची घंटा तर त्यांच्या ऑफिसच्या दारातच टांगलेली होती आणि तिच्या टोल्याखाली ते वर्षानुवर्षं निवांत झोपले. पण शेजारी बसून हळू आवाजात नुसतं म्हणावं, "सर, हे काही बरोबर वाटत नाही," की डोळे खाडकन उघडायचे. काय बरोबर नाही, कुठं बरोबर नाही, कोण म्हणतं, असं सुरू व्हायचं आणि पुढची दहा मिनिटं माणूस टक्क जागा राहायचा.

हे मी ऐकीव सांगत नाही. सहा वर्षं हे माझं काम होतं. नेमणुकीचा आदेश तेवढा कुणी दिला नव्हता.

सर आमचे मुख्याध्यापक. राहायला गेवराईत, आणि शाळा तिथून तीसेक किलोमीटरवर, गोदावरीच्या अंगाला एका गावात. त्यांच्या गाडीतून आम्ही तिघं रोज अपडाऊन करायचो. सर स्टेअरिंगवर, शेजारी मी, मागं गणिताचे शेख सर आणि हिंदीच्या सोनवणे बाई. सकाळची बस होती, पण ती प्रार्थना संपल्यावर पोचायची. सरांच्या गाडीलाही उशीर व्हायचाच, पण मुख्याध्यापकच उशिरा उतरतोय म्हटल्यावर आमच्या नावापुढं लाल शाई कोण मारणार? एवढ्या सोयीपोटी तीन शिकलीसवरलेली माणसं रोज सकाळी एका झोपाळू माणसाच्या हाती जीव देऊन बसत होती. वर्गात मात्र आम्ही पोरांना रस्ता सुरक्षेवर निबंध लिहायला लावायचो.

सर दिसायला भारदस्त. मान आखूड, पोट शर्टाच्या गुंड्यांना जाब विचारणारं, गळ्याची वरची गुंडी मे महिन्यातही लावलेली. हनुवटी जवळजवळ नव्हतीच. खालचा ओठ संपला की थेट गळा सुरू व्हायचा. फोटो काढताना ते म्हणून तिथं मूठ टेकवायचे, विचारवंतासारखी. लोकांना वाटायचं सर कसल्या गहन विचारात आहेत, आणि सरांनाही तसंच वाटायचं.

त्यांचा आवडता शब्द नियोजन. आमच्या शाळेत सगळ्या विषयांचा पोर्शन दिवाळीच्या आत संपायचा. हा सरांचा नियम, आणि संस्थेच्या बैठकीत छाती काढून सांगायची गोष्ट. जूनला सुरू, दिवाळीला खल्लास, पुढं नुसती उजळणी. मी इतिहासाचा मास्तर. सरांच्या नियोजनापायी मी एकदा अख्खं पहिलं महायुद्ध दोन तासांत उरकलं होतं, मधली सुट्टी धरून. पोरांना काय समजलं हे विचारायची पद्धत नव्हती, कारण त्यासाठी नियोजनात रकानाच नव्हता.

घोरण्याबद्दल विचारलं की सर म्हणायचे, "मी घोरत नाही. मी डोळे मिटून ऐकत असतो." एकदा शिक्षकांच्या बैठकीत ते विषय क्रमांक चार वाचता वाचताच ऐकायला लागले. हिवाळ्यात रविवारी जादा तास घ्यायचे, असा तो विषय. ओळ अर्धी वाचून झाली, मान खाली गेली आणि जात्यात काहीतरी अडकावं तसा आवाज सुरू झाला. बावीस शिक्षक गप्प. कुणी खोकलंसुद्धा नाही. काही वेळानं सरांनी डोळे उघडले, आमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तर मग सर्वानुमते मंजूर." आम्ही माना डोलावल्या. एका माणसाची झोपमोड कशाला म्हणून बावीस जणांनी सगळा हिवाळा रविवारी शाळा भरवली.

शाळेत झोपले तर माना डोलावून भागायचं. गाडीत भागत नव्हतं. रस्ता अरुंद, समोरून वाळूचे टिप्पर अंगावर यायचे आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालायच्या. सुरुवातीला आम्ही सगळे उपाय केले. शेंगदाणे दिले, हिरवी मिरची दिली, मोठ्यानं भावगीतं लावली. सर गाण्यात लई लवकर झोपतात असं निघालं. ड्रायव्हर ठेवा म्हणायची तर सोयच नव्हती. संस्थेनं शाळा माझ्या हातात दिली, गाडी मला जमणार नाही काय, असं ते विचारायचे. शेवटी युक्ती सापडली ती शेख सरांना. त्यांनी एकदा मागून सहज म्हटलं की सर, बाजरीची भाकरी ज्वारीपेक्षा चांगली. सरांची मिटत आलेली पापणी उघडली ती थेट शाळेच्या फाटकात मिटली.

तेव्हापासून पुढच्या सीटवर जो बसेल त्यानं सरांना विरोध करायचा असं ठरलं. पाळी लावायची होती, पण शेख सर म्हणाले मला मागं बसल्याशिवाय मळमळतं आणि बाई म्हणाल्या मी बाईमाणूस, वाद काय घालू. राहिलो मी. सहा वर्षं, जाऊन येऊन साठ किलोमीटर, मी टेकाळे सरांच्या प्रत्येक मताच्या विरुद्ध बोललो. ते ज्वारी म्हणाले की मी बाजरी म्हणायचो, आणि मी जन्माचा ज्वारी खाणारा. त्यांनी निळ्या गणवेशाची बाजू घेतली की मी खाकीची घ्यायचो. पाऊस पडेल म्हणाले तर पडणार नाही म्हणायचो. त्यांचं बरोबर असलं की मला फार कष्ट पडायचे, पण ते क्वचित. पुढं पुढं मी घरीही असाच बोलायला लागलो. बायकोनं एक दिवस पोळी तव्यावर ठेवून मला विचारलं की तुम्हाला माझं एक तरी पटतं का. मी म्हणालो, तसं काही नाही. त्यावर ती दोन दिवस बोलली नाही.

आणि मग सहाव्या वर्षीचा गोपनीय अहवाल आला. शाळेत मुख्याध्यापक प्रत्येक शिक्षकाविषयी वर्षातून एकदा लिहितो, प्रत आपल्याला दाखवतात आणि खाली सही घेतात. पर्यवेक्षकाची जागा रिकामी होती आणि सेवाज्येष्ठतेनं ती माझी होती. मी प्रत हातात घेतली. सरांच्या गोल गोल अक्षरात लिहिलं होतं, "वरिष्ठांशी वाद घालण्याची प्रवृत्ती आहे."

मला हसू आलं नाही. आज येतं, तेव्हा आलं नाही. ज्या माणसाला रोज मरणातून ओढून काढायचं त्यानंच हे लिहावं? पर्यवेक्षकाची जागा ज्याला मिळाली त्यानं सरांना उभ्या आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं. पण तो गावातच राहायचा. त्याला सरांच्या गाडीत बसावं लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीत बसलो आणि ठरवलं, आज सगळं पटवून घ्यायचं. सर म्हणाले, हल्लीच्या पोरांना वळण नाही. मी म्हणालो, बरोबर आहे सर. त्यांनी चमकून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, आपल्या वेळी शिस्त होती. मी म्हणालो, अगदी बरोबर. मागं शेख सरांनी घसा खाकरला, मी लक्ष दिलं नाही. सरांना आधी नवल वाटलं, मग बरं वाटलं. चेहरा कसा सैल झाला. ते एकेक मत मांडत गेले, मी बरोबर बरोबर म्हणत गेलो. मतांमधलं अंतर वाढत गेलं. मग एक वाक्य अर्ध्यातच राहिलं.

त्यांची मान कलली ते मी बघितलं. खोटं कशाला सांगू? बघितलं, आणि एक श्वासभर गप्प राहिलो. रागानं. झोप म्हटलं, तुला पटवून घेणाराच पाहिजे होता ना. तेवढ्या रागाची लाज मला अजून वाटते.

समोर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती, मागं खुणेचे दगड लावलेली. बाई किंचाळल्या. मी स्टेअरिंगला हात घातला आणि डावीकडं ओढलं. गाडी रस्ता सोडून खाली उतरली, तुरीच्या रानात शिरली आणि बांधाला धडकून थांबली. शेख सरांचा चष्मा फुटला, बाईंच्या वह्या सगळीकडं पसरल्या, मला काही झालं नाही. सरांचं तोंड स्टेअरिंगवर आपटून समोरच्या दाताचा टवका उडाला होता. त्यांनी डोळे उघडले, तुरीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"गायकवाड," ते म्हणाले, "तुमचं लक्ष कुठं होतं?"

गाडी चालवत होते ते. मी वाकून बाईंच्या वह्या गोळा करायला लागलो.

दातासाठी त्यांना गेवराईत दवाखान्यात नेलं. दातांची डॉक्टर आमचीच विद्यार्थिनी निघाली, प्रज्ञा वाव्हळ. तिचे वडील टपाल कार्यालयात होते. घरात पुस्तकं फार, आणि पोरगी वर्गात सारखा हात वर करणारी. हे असंच का, मागच्या पानावर तर वेगळं दिलंय, असं विचारत राहायची. दिवाळीच्या आत पोर्शन संपवायचा म्हटल्यावर असं पोर परवडत नाही. आठवीच्या प्रगतिपुस्तकात सरांनी तिला शेरा दिला होता, प्रश्न फार विचारते, वादविवाद टाळावा. तिनं सरांना ओळखलं, वाकून नमस्कार केला आणि खुर्चीत आडवं केलं.

दाताला लावायचा मसाला कालवायला ती पाठमोरी झाली तेवढ्यात सर झोपले. तोंडावर दिवा, तोंड उघडं, आणि तो जात्याचा आवाज. मला नवीन नव्हतं. पण मग आवाज बंद पडला. प्रज्ञा वळली आणि तशीच उभी राहिली, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत. सरांचं पोट हलायचा प्रयत्न करत होतं, पण नाकातोंडातून काही जात-येत नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग बुडणारा माणूस वर यावा तसा मोठा हबका बसला आणि जातं पुन्हा सुरू झालं. मी सहा वर्षं शेजारी बसलो होतो. आवाज थांबला की मला वाटायचं, चला, सर जागे झाले.

तिनं काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, बोलावून घेतलं. रात्री असंच होतं का, म्हणून विचारलं. काकूंनी पदर सारखा केला.

"आवाज असला की मला झोप लागती," त्या म्हणाल्या. "बंद झाला की मी उठून बसते. परत सुरू व्हायची वाट बघत. लई वर्षं झाली."

सर म्हणाले, ही काहीही सांगते, मी घोरत नाही.

प्रज्ञानं सगळं साध्या भाषेत सांगितलं. सरांचा खालचा जबडा लहान आणि मागं आहे. झोपेत सगळं सैल पडतं, जीभ मागं घसरते आणि श्वासाची वाट बंद होते. शरीर घाबरून हबका देतं, अर्धवट उठवतं, परत झोप, परत तेच. रात्रभर असं चाललं की झोप झाली असं नुसतं वाटतं. म्हणून दिवसा डोळे मिटतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. याच्यावर दातांचा डॉक्टर पण काही करू शकतो, पण आधी झोपेची तपासणी पाहिजे. ती झाल्याशिवाय मी तोंडात काही घालणार नाही, असं तिनं बजावलं. आणि तोवर गाडीला हात लावायचा नाही.

यातलं बाकी सगळं सरांना मान्य होतं, शेवटचं सोडून. पण काकूंनी घरी जाऊन गाडीची किल्ली ज्वारीच्या कोठीत टाकली. वर दोन पोती ज्वारी होती.

गाडी दुरुस्त होऊन आली, पण आता चालवणार कोण? मला येत नाही, शेख सरांचा चष्मा जाड. तेव्हा सोनवणे बाई पुढं झाल्या, सीट ओढून घेतली, आरसा नीट केला आणि गाडी काढली. अशी चालवली की आम्ही बघत राहिलो. लग्नाआधीपासून येत होती म्हणे. शेख सरांनी कपाळाला हात लावला आणि विचारलं की बाई, सहा वर्षं कावून बोलला न्हाईत? कुणी विचारलंच न्हाई, असं बाई म्हणाल्या आणि गियर टाकला. मला तो मंजूर झालेला विषय क्रमांक चार आठवला.

तपासणी संभाजीनगरला झाली. बोटाला चिमटा, नाकाला नळी, छातीला पट्टा, अशा थाटात सर एक रात्र झोपले. अहवाल हातात पडल्यावर त्यांनी तिथल्या डॉक्टरला पहिला प्रश्न विचारला तो पास की नापास. डॉक्टर म्हणाले, आजार मध्यम आहे. सर सगळीकडं सांगत सुटले, मध्यम श्रेणी, म्हणजे काळजी नाही. नाकावर मुखवटा लावून हवेच्या दाबानं वाट उघडी ठेवणारं एक मशीन असतं. ते आधी दिलं. सरांनी आठवडाभर लावलं. रात्रभर वाफारा घेतल्यासारखं वाटतं, मी मुख्याध्यापक आहे, विमानाचा पायलट नाही, अशी तक्रार करून ते मशीन कपाटावर गेलं. तिथल्या डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली की मशीन सोसत नसेल तर जबड्याचं उपकरण करून बघावं. चिठ्ठी घेऊन सर परत प्रज्ञाच्या खुर्चीत.

तिनं हिरड्या बघितल्या, दात हलतात का ते बघितलं, एक्स-रे काढला. उपकरण दातांना धरून बसतं, म्हणून दात मजबूत लागतात. मग गुलाबी लगदा ट्रेमध्ये भरून सरांच्या तोंडात दाबला, माप घ्यायला. तो घट्ट होईपर्यंत बोलता येत नव्हतं. तेवढ्यात मी सरांना ज्वारी-बाजरीबद्दल माझं खरं मत सांगून टाकलं. त्यांचे डोळे बोलत होते, पण मी तिकडं बघितलं नाही.

पंधरा दिवसांनी उपकरण आलं. वरच्या दातांना एक पारदर्शक साचा, खालच्याला एक, आणि दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू. रात्री घातलं की खालचा जबडा थोडा पुढं धरून ठेवतं, म्हणजे जिभेला मागं पडायला जागा मिळत नाही. एक इवलीशी किल्ली दिली. दर रविवारी एक फेरा, एवढंच. जबडा हळूहळू पुढं न्यायचा, दर पंधरा दिवसांनी दाखवायला यायचं. प्रज्ञानं आठ रविवारांचा कागद लिहून दिला. तो कागद बघून सरांचे डोळे चमकले तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

तो सोमवार मी विसरणार नाही. त्या दिवशी दहावीचा निरोप समारंभ होता. सर गाडीत बसले ते गप्प. मानेनंच नमस्कार. मी निरखून बघितलं तर सरांना हनुवटी आली होती. खालचा जबडा वरच्याच्या पुढं आलेला, दातावर दात बसत नाही, आणि दोन्ही कानांपुढं हात दाबून धरलेले. रविवारी सकाळी चहा पिऊन त्यांनी आठच्या आठ आठवड्यांचे फेरे एका बैठकीत उरकले होते आणि रात्रभर उपकरण लावून झोपले होते. दिवाळीच्या आत.

दुखत होतं, पण सर नाखूश नव्हते. शाळेत ढाली ठेवायचं काचेचं कपाट आहे, त्याच्यासमोर मी त्यांना दोनदा उभं राहिलेलं बघितलं, एकदा समोरून आणि एकदा बाजूनं. समारंभात फोटोवाला आला तेव्हा त्यांनी हनुवटीखाली मूठ लावली नाही. भाषणाला उभे राहिले. दरवर्षी हे भाषण तासभर चालायचं आणि त्यात मुली उन्हानं चक्कर येऊन पडायच्या. या वर्षी ते कसेबसे म्हणाले, "अभ्यास करा. जेवा. झोपा," आणि खाली बसले. मागं एक पोरगी दुसरीला म्हणत होती की सरांचं भाषण यंदा किती छान झालं.

संध्याकाळपर्यंत त्यांना घास चावता येईना. शाळा सुटल्यावर गाडी सरळ दवाखान्यात नेली आणि काकूंनाही बोलावून घेतलं. प्रज्ञानं स्क्रू बघितले, कागद बघितला. किती रविवार झाले विचारलं. सरांनी एक बोट वर केलं. तिनं हातमोजे काढले, स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. चिडली होती, आवाज मात्र खालचा.

"सर, तुमच्याकडं दिवाळीला पोर्शन संपायचा आन् आमाला काहीच समजलेलं नसायचं. मी हात वर करायचे ते त्याच्यासाठी. जबडा पण तसाच हाय. त्याला समजायला वेळ द्या, नाहीतर तो कायमचा बिघडंल आन् हा शेवटचा उपाय पण हातातून जाईल. मग काकू रात्रभर बसून राहतील."

सर माझ्याकडं बघायला लागले. सहा वर्षं ज्याच्याशी वाद घातला त्या माणसाची मदत त्यांना हवी होती. मी म्हणालो, "सर, तिचं बरोबर आहे." पहिल्यांदाच मी त्यांच्यासमोर बरोबर आहे म्हणालो आणि ते झोपले नाहीत. मान खाली घालून बसून राहिले. काकू कोपऱ्यातल्या बाकावर होत्या, त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

प्रज्ञानं सगळे फेरे उलटे फिरवून उपकरण मूळ जागी आणलं. काही दिवस शेक, मऊ खाणं, उपकरण बंद. मग पहिल्यापासून.

या वेळी सरांनी नियम पाळला, पण त्यांच्या पद्धतीनं. शाळेतली एक कोरी हजेरी घरी नेली आणि जबड्याची हजेरी सुरू केली. तारीख, उपकरण लावले किंवा नाही, फेरा क्रमांक, स्वाक्षरी. शेवटचा रकाना शेऱ्याचा, आणि तो काकूंकडं. मला एकदा त्यांच्या घरी चहाला गेल्यावर ती वही दिसली. पानामागून पान, रोज सकाळी, काकूंच्या तिसरी शिकलेल्या हातानं एकच शेरा होता, "श्वास चालू व्हता." मी विचारलं तर काकू म्हणाल्या, आता आवाजच नसतो, म्हणून पंधरा दिवस झोपच लागली न्हाई, नाकाखाली हात धरून बघायचे. आता लागती.

दुसरी तपासणी चांगली निघाली. कोठीतली किल्ली बाहेर आली, सरांनी एक दिवस गाडी चालवली आणि ती सोनवणे बाईंना परत दिली. मला वाटलं शहाणपण आलं. तसं काही नव्हतं. शेजारी बसून गाडी चालवणाऱ्याचं चुकतंय असं सांगण्यातलं सुख त्यांना मधल्या काळात समजलं होतं. मी मागच्या सीटवर गेलो, शेख सरांच्या शेजारी, आणि मला कुणालाच विरोध करायचं काम उरलं नाही. सर जागेच असायचे. खिडकीतून रानं बघायचे, कुठं ज्वारी पोटऱ्यात आली ते सांगायचे. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. घरी बायको म्हणाली, आता बरे वागता. तेही मला कसंतरीच वाटलं.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी समारंभ व्हायच्या आधी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं आणि गोपनीय अहवालाची प्रत पुढं सरकवली. सही करा म्हणाले. मी वाचलं. पहिली ओळ तीच, तशीच गोल अक्षरात, वरिष्ठांशी वाद घालण्याची प्रवृत्ती आहे. माझ्या कपाळावर आठी चढली. मग पुढची ओळ वाचली.

"ती चालू ठेवावी."

मी वर बघितलं तर सर टेबलावरचे कागद चाळत होते. शेजारी उभा असलेला क्लार्क म्हणाला, साहेब, असा शेरा फॉर्मात बसत न्हाई, संस्था खुलासा मागंल. सर म्हणाले, मागू द्या, देईन. मी सही केली. काहीतरी बोलायला पाहिजे होतं, पण सहा वर्षांत आम्हाला एकाच तऱ्हेनं बोलायची सवय लागली होती आणि त्या वेळी माझ्याकडं विरुद्ध असं काही नव्हतं.

समारंभ लांबला. सगळ्यांनी भाषणं केली, सर शेवटपर्यंत जागे होते. दुपारी उन्हातून गाडीत बसलो तेव्हा गळ्यात दोन हार, मांडीवर शाल आणि नारळ. दमले होते. गाडी डांबरी रस्त्याला लागल्यावर त्यांनी खिशातून छोटी डबी काढली, उपकरण तोंडात बसवलं, कारण प्रज्ञानं सांगितलं होतं की दुपारी डोळा लागला तरी लावायचं. मग सीट मागं केली आणि उपकरणातून काहीतरी म्हणाले. गेवराई आली की उठवा, असं असावं.

आम्ही तिघं सवयीनं कान देऊन बसलो. आवाज नव्हता. शेख सर पुढं वाकून बघायला लागले, बाईंनी वेग कमी केला. हाराच्या पाकळ्या पोटावर पडल्या होत्या आणि त्या सारख्या लयीत वर-खाली होत होत्या. तोंड मिटलेलं. ज्या ठिकाणी तुरीच्या रानात गेलो होतो तो बांध मागं गेला.

माझ्यानं राहवलं नाही. मी पुढच्या सीटवर हात ठेवला आणि त्यांच्या कानाशी म्हणालो, "सर, तुमचं चुकलं."

ते उठले नाहीत. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. पापणीसुद्धा हलली नाही, पाकळ्या तेवढ्या हलत राहिल्या. बाईंनी आरशातून माझ्याकडं बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. मग गेवराई येईपर्यंत आमच्यातलं कुणी बोललं नाही.